नागपूरहून उन्हाळ्यात उडायचं, तर पहाटेचं विमान की दुपारचं?

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नागपूरचं विमानतळ गाठायचं म्हणजे जामच्या चौकात हायवेला लागायचं आणि बुटीबोरी ओलांडून पुढं जायचं. दीड तास धरूनच चला. आईच्या डोळ्यांसाठी गेल्या तीन वर्षांत मुंबईच्या सात-आठ फेऱ्या झाल्या, काही पहाटेच्या विमानानं, काही दुपारच्या. आता गावातलं कोणी तिकीट काढायचं म्हटलं की आधी मला विचारतं. भाडं आणि वेळापत्रक तुम्ही पाहालच. मी बोलतो ते चाकं उचलल्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांबद्दल.

दुपारच्या विमानाची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. झोप पुरी होते, गुरांचं चारा-पाणी आटोपून, जेवून निघता येतं. सहाच्या विमानासाठी मात्र रात्री अडीचला म्हाताऱ्या माणसाला उठवावं लागतं, गाडी सांगून ठेवावी लागते, आणि हायवेवर ट्रकांच्या रांगेत ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून आपणच त्याच्याशी बोलत बसतो.

आता चढण्याचं. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,००० फुटांवर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते जवळपास ५,००० फुटांवरच्या धावपट्टीवरून उडत असतं. आपला चिखलदरा ३,६०० फुटांच्या आसपास, म्हणजे त्याच्याही वरची हवा. पंखांना उचल कमी मिळते. इंजिनालाही साधारण तिशीपर्यंतच पूर्ण जोर देता येतो, त्यापुढं पारा चढेल तसा जोर उतरतो. म्हणून दुपारी विमान धावपट्टीवर जास्त धावतं आणि सावकाश चढतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. एक इंजिन बंद पडलं तरी चढता आलं पाहिजे, असं वजन-तापमानाचं गणित मांडूनच ते निघतं. उडाल्यावर मिनिटभरात आवाज एकदम उतरतो, तेव्हा माणसं एकमेकांकडं पाहतात. तेही नेहमीचंच आहे, टेकऑफचा जोर कमी करून चढण्याचा जोर लावलेला असतो.

पुस्तकात अशा जेटचा चढण्याचा सुरुवातीचा वेग मिनिटाला दोन-अडीच हजार फूट, कधी तीन हजारही दिसतो. प्रत्यक्षात तो सलग मिळत नाही. कंट्रोलवाले मध्येच एखाद्या उंचीवर थांबवतात, आणि १०,००० फुटांच्या सुमारास पुढं जाण्याचा वेग वाढवायला वैमानिक नाक जरा खाली घेतो. माझा भाचा गावात बसून मोबाईलवर आमचं विमान पाहत होता. त्याच्या घड्याळानं पहाटे १०,००० फूट व्हायला पाच मिनिटांच्या आत-बाहेर लागली, दुपारी सात. दोन-चार फेऱ्यांवरून नियम काढू नये, त्या दिवशी वजनही वेगळं असेल.

माझा निर्णय मात्र झाला तो सीटबेल्टच्या बत्तीमुळं. मे महिन्यात आपली वावरं उघडी असतात. पऱ्हाटी उपटून नांगरलेली काळी माती दुपारी तव्यासारखी तापते आणि तिच्यावरून गरम हवेचे लोट उठतात. वावटळ म्हणून बांधावर आपल्याला दिसतं ते त्याचं बूड, वरचा लोट आठ-दहा हजार फुटांवर, कधी त्याच्याही वर जातो. पहाटे हे लोट नसतातच. दुपारी असतात, आणि नेमकं तेव्हाच विमान सावकाश चढत असल्यानं त्यातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो.

मागच्या मे महिन्यात आई खिडकीशी होती. बीपीच्या गोळीनं तिला वारंवार लघवीला लागतं. विमान उडालं, हादरे सुरू झाले, आणि बत्ती काही विझेना. हवाईसुंदरीसुद्धा पट्टा बांधून बसलेली, उठायचं नाही म्हणून तिनं हातानंच खुणावलं. आईनं एका हातानं माझं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातात पदराचा बोळा. "आभायातबी खड्डे रायतेत काय रे?" एवढंच म्हणाली, मग डोळे मिटून घेतले. बत्ती विझायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर तिच्या बोटांचे वळ माझ्या मनगटावर उठले होते. त्याच्या आदल्या खेपेला, पहाटेच्या विमानात, दहाव्या मिनिटाला ती उठून जाऊनही आली होती.

तुम्ही तरुण असाल, एकटे असाल, तर दुपारचं बिनधास्त घ्या. पंखाजवळची जागा मागा, शेपटीकडं हादरे जास्त जाणवतात. पंखेवालं एटीआर असेल तर दुपार टाळलेलीच बरी, ते जेटपेक्षा बरंच सावकाश चढतं. डिसेंबर-जानेवारीत तर मी स्वतःच दुपारचं सुचवीन. हवा थंड आणि दाट, विमान झपाट्यानं चढतं, आणि पहाटे धुक्यानं ताटकळायची भीती नाही. पण मार्च ते जून सोबत म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल, तर मला वाटतं, अडीचला उठावं.

परतीचं तिकीट काढतानाही वेळ पाहा. उतरताना तोच तापलेला थर खालपर्यंत सोबत असतो, म्हणून मी आईला आणतो ते दिवस मावळल्यावरच्या विमानानं.