एमजीबीचं अ‍ॅडजस्टेबल क्लच पुशरॉड किट: अर्धं कामाचं, अर्धं शोभेचं

घ्यावं की नाही एवढंच ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. किटमध्ये दोन रॉड येतात. मास्टर सिलिंडरचा (पेडलकडचा, तेल ढकलणारा) बसवा, स्लेव्हचा (क्लचकडचा, त्या तेलाने सरकणारा) खोक्यातच राहू द्या. पाचपैकी अडीच तारे, आणि त्यातलेही बरेचसे सोबत आलेल्या नव्या पिनांचे.

गाडी १९७२ सालची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गिअरबॉक्स मूळचाच. तक्रार जुन्या एमजीबीवाल्यांना तोंडपाठ असलेलीच: पेडल अर्ध्याहून खाली जाईपर्यंत काही होत नाही, क्लच सुटतो तो थेट गालिच्याजवळ, आणि रिव्हर्स टाकताना करकर. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर पहिली चुगली तोच गिअर करतो. १९६७ अखेर मार्क टू (एमजीबीची सुधारित आवृत्ती) येईपर्यंत पहिल्या गिअरलाही सिंक्रो नव्हता, म्हणजे त्या गाड्यांत चुगलखोर दोन.

कंपनीने या क्लचला अ‍ॅडजस्टमेंट दिलेलीच नाही. केबलच्या क्लचला नट फिरवून ढील काढता येते. इथे मधे तेल आहे. क्लच प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन आपोआप आत सरकून बसतो. मग पेडल खाली जातं कशाने? किटवाल्यांच्या माहितीपत्रकात याचं उत्तर ‘रॉड आखूड पडतो’ असं आहे. रॉड कशाला आखूड पडेल? लोखंड पन्नास वर्षांत आकसत नाही. झिजते ती पिन.

पेडल आणि मास्टरचा रॉड यांना जोडणारी ती क्लेव्हिस पिन काढून हातात घ्या. माझ्या पिनेला मधोमध एवढी खाच पडली होती की नख अडकत होतं. पेडलमधलं गोल भोक लांबट झालेलं, रॉडच्या चिमट्याची दोन्ही भोकंही तशीच. प्रत्येक ठिकाणची झीज थोडीथोडीच असते, पण पिनेपाशी गेलेला एक मिलिमीटर पेडलच्या रबरापाशी कित्येक पटींनी मोठा होऊन येतो, कारण पायाखालचा दांडा लांब आणि पिन वर खुंटीच्या अगदी जवळ. शिवाय खाली स्लेव्हच्या टोकाला, फोर्कमध्ये (क्लच सोडवणाऱ्या दांड्यात), अशीच आणखी एक पिन बसलेली असते. तीही बदला.

म्हणून किट मागवण्याआधी एक मोजमाप करा. एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली जाऊन स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीने बघायचं. अर्ध्या इंचाच्या आसपास आला तर तेलाची बाजू ठणठणीत आहे, खोट क्लचमध्येच शोधा. (शुभेच्छा. एमजीबीत त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं.) बराच कमी आला तर हवा, गळके सील नाहीतर या पिना.

आता मास्टरचा रॉड. माल चांगला आहे. आटे स्वच्छ, चिमटा जाड, पिना भोकात अंगठ्याच्या दाबाने जातात आणि डुगडुगत नाहीत. पेडलचं लांबट भोक मात्र कुठलंच किट दुरुस्त करणार नाही. ते वेल्डिंगने भरून नव्याने पाडून घेतलं, आणि माझ्या मते निम्मा गुण तिथेच आला.

बसवणं सोपं नाही. जुना रॉड मास्टरमध्ये सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या कडीने) अडकवलेला असतो, त्यामुळे पेडल बॉक्सचं झाकण उघडून सिलिंडर काढावाच लागतो. शेजारी ब्रेकचा मास्टर, त्यामुळे हात वळवायला जागा नाही. खाली जुनी चादर अंथरा. डॉट ४ तेल सांडलं की रंग उचलून आणतं, आणि पुसायला फडकं शोधेपर्यंत ते वाट बघत नाही.

लांबी ठरवताना चेकनट सैल करून रॉड थोडाथोडा फिरवायचा आणि दर वेळी पेडल हाताने हलवून बघायचं. बोटाने ढकलल्यावर रॉड पिस्टनला टेकण्याआधी किंचित मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. हा प्ले संपूर्ण काढून टाकायचा मोह फार होतो, कारण पेडल लगेच कडक आणि छान लागतं. काढू नका. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. इंजिनाच्या उष्णतेने फुगलेल्या तेलाला मागे जायला वाट उरत नाही आणि पाय न लावता क्लच अर्धवट दाबला जातो. चढावर इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. माहितीपत्रकात मात्र ‘पेडल घट्ट लागेपर्यंत फिरवा’ एवढं एकच वाक्य आहे. एक तारा त्या वाक्यासाठी कापला.

स्लेव्हचा रॉड हा निव्वळ दागिना. तो लांब केला की पिस्टन तेवढा आत जाऊन बसतो, बस्स. मास्टरने ढकललेलं तेल तेवढंच, त्यामुळे फोर्क सरकतो तोही तेवढाच. फारच लांब केला तर पिस्टन सिलिंडरच्या तळाला टेकतो आणि रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला ढकलतो ते) प्रेशर प्लेटवर कायमचं दाबलेलं राहतं. एमजीबीचं हे बेअरिंग कार्बनचं असतं, ते असं घासत राहिलं की संपलंच. वेगळ्या गाडीचा क्लच बसवल्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशीच येत असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा हा रॉड उपयोगी पडेल.

मास्टर काढला म्हणजे हवा शिरलीच. वरून पंप करून ती नीट निघत नाही, कारण बुडबुडे वर चढू पाहतात आणि आपण त्यांना खाली ढकलत असतो. बराच वेळ मी गाडीखालून ‘अहो, दाबा… धरा… सोडा’ करत होते आणि पेडल स्पंजासारखंच. शेवटी मोठ्या सिरिंजने स्लेव्हच्या निपलमधून (हवा काढायच्या तोंडातून) तेल वर ढकललं. टाकीत बुडबुडे आले आणि पेडल जागेवर आलं. असं करताना टाकीतलं तेल आधी अर्धं उपसून ठेवा, नाहीतर वरून सांडेल.

आता क्लच पेडलच्या निम्म्या वाटेवर सुटतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. विक्रेत्याने मास्टरचा रॉड आणि दोन्ही पिना एवढंच वेगळं विकायला काढलं, तर मी चार तारे देईन.