ड्रोनाबिनॉल २.५ मिलिग्रॅम: भुकेसाठी उपयोगी, पण मर्यादा ओळखून

सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या माझ्या एचआयव्हीग्रस्त मित्राच्या डॉक्टरांनी, त्याचे वजन सतत घटू लागल्यावर, ड्रोनाबिनॉलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. भांगेतील टीएचसी या घटकाचे हे प्रयोगशाळेत तयार केलेले रूप असून, एड्समुळे भूक मंदावून वजन घटणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९९२ मध्ये मान्यता दिली.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी तासभर एकेक कॅप्सूल घ्यायची असते. दहाबारा दिवसांनी त्याने आपणहून वरणभात मागितला, आणि महिनोन्‌महिने ताट तसेच परत नेणाऱ्या आम्हा सर्वांना तो क्षण फार मोठा वाटला. वजन मात्र फारसे वाढले नाही, घसरण थांबली इतकेच. हे औषध विषाणूवर काहीही परिणाम करत नाही, त्यामुळे एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळ्या एक दिवसही चुकवता कामा नयेत.

दुपारच्या मात्रेनंतर त्याला गरगरायचे आणि गुंगी यायची, म्हणून डॉक्टरांनी फक्त संध्याकाळची मात्रा ठेवली. कॅप्सूलमध्ये तिळाचे तेल असते, तेव्हा तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावी. आमच्या औषधविक्रेत्याने मात्र याबद्दल अवाक्षर काढले नाही, याचा मला मनापासून राग आला.

मज्जातंतूंच्या त्रासामुळे मित्राच्या पायांची होणारी जळजळ मात्र या कॅप्सूलनंतरही तशीच राहिली. एचआयव्हीमुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनांवर ओढलेल्या गांजाचा उपयोग २००७ मध्ये संशोधक डॉक्टर डोनाल्ड एब्रम्स यांच्या चाचणीत दिसला होता, परंतु मित्राची फुप्फुसे अशक्त असल्याने आम्ही त्या वाटेला गेलो नाही.