हालोल रोडचं चार्जिंग स्टेशन: घरी पार्किंग नसलेल्यांनी जरूर वाचा

आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो, जुनी बिल्डिंग, खाली स्कूटर लावायला जागा मिळाली तरी खूप झालं, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेतो म्हटल्यावर घरच्यांपासून सगळ्यांनी हेच विचारलं की चार्ज कुठे करणार. ज्यांचं स्वतःचं पार्किंग आहे त्यांना काही प्रश्नच नाही, रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली की सकाळपर्यंत बरीचशी भरते. आमच्यासारख्यांना बाहेरच्या स्टेशनवरच जावं लागतं. गाडी एमजी विंडसर आहे, ३८ युनिटची बॅटरी, आणि ती इथे जवळच हालोलच्या कारखान्यात बनते.

तर गोल्डन चोकडीवरून हालोल रोडला लागलं की एका हॉटेलच्या आवारात हे स्टेशन आहे. ६० किलोवॉटचं एक मशीन, त्याला दोन सीसीएस-२ गन, म्हणजे गाडीत खोचायचे फास्ट चार्जिंगचे प्लग. एकटी गाडी असेल तर ती घेईल तेवढं मिळतं, दुसरी लागली की ३०-३० वाटून. म्हणजे २० टक्क्यांवरून ८० पर्यंत जायला साधारण २३ युनिट लागतात, वाटणीत असलात तर पाऊण तास धरून चला. ८० च्या पुढे स्पीड पडतोच, सगळ्याच गाड्यांचा पडतो, बॅटरी जपायला गाडीच करंट कमी करते, तेव्हा मागे रांग असेल तर ८० ला गन काढून द्या, १०० करत बसू नका.

पण मी इथेच परत परत का जातो तर इथे माणूस असतो! केबल जाड आणि जड, आत कॉपर असतं ना, आमच्या आईला ती उचलून सॉकेटमध्ये नीट बसवता येत नाही, खट्ट आवाज येईपर्यंत दाबावी लागते नाहीतर चार्जिंग सुरूच होत नाही. इथला मुलगा स्वतः येऊन लावून देतो. एकदा गन लावूनही स्क्रीनवर एरर येत होता तर तो लगेच म्हणाला, "काका, पेली गन लो ने" (ती पलीकडची गन घ्या ना), दुसरी गन लावून दिली आणि सुरू. वर पत्र्याची शेड आहे, त्यामुळे मे महिन्यातही स्क्रीन वाचता येते. रात्री लाइट असतो, टॉयलेट स्वच्छ आणि त्याला कुलूप नसतं, बायका एकट्या येऊन चार्ज करताना दिसतात. हे मला किलोवॉटच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

याउलट अहमदाबादच्या बाजूला एका स्टेशनवर ॲपमध्ये हिरवं, म्हणजे चालू, दिसत होतं, पोचलो तर मशीन बंद, हेल्पलाइनवाले म्हणतात तिकीट रेझ केलंय, म्हणजे तक्रार नोंदवलीय, आणि वॉलेटमध्ये आधी भरलेले पैसे अडकले ते वेगळेच. सरकारच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये हायवेला दोन्ही बाजूंनी दर २५ किलोमीटरवर स्टेशन हवं असं लिहिलं होतं. मशीन बसवणं तर हवंच, पण ते चालू ठेवणं कोणाचं काम? पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्या आमच्यासारख्या जुन्या वस्त्यांपर्यंत येतील की बंगलेवाल्यांपुरत्याच राहतील हे यावरच ठरणार असं मला मनापासून वाटतं.

तक्रार म्हणाल तर दोन. रेट घरच्या मीटरच्या दुपटीहून जास्त पडतो, वर १८ टक्के जीएसटी, तो घरच्या विजेवर नाही, म्हणजे ज्याला पार्किंग नाही तोच जास्त भरतो, हे काही बरोबर नाही. आणि इथेही पेमेंट ॲपमधूनच, सरळ यूपीआय स्कॅन करून का नाही? पेट्रोल पंपावर कोणी ॲप डाउनलोड करायला सांगतं का? त्या मुलाने त्याच्या फोनवरून सुरू करून दिलं आणि माझ्याकडून रोख घेतले असंही झालंय, पण ही त्याची भलाई, सिस्टीम नाही.

पाचपैकी साडेचार. केवडियाला, म्हणजे स्टॅच्यू ऑफ युनिटीकडे, जायचं असेल तर इथे ८० करून निघा, सुमारे ९० किलोमीटर आहे, एसी लावूनही आरामात पोचता. संध्याकाळी सातनंतर टॅक्सीवाले येतात तेव्हा शक्यतो दुपारी जा, हॉटेलात सेव उसळ मिळते, तिखट सांभाळून, आणि पाव गरम करून मागा.