जळू पक्की, पट्टी कच्ची

मराठवाड्यात जळू लावून घ्यायची तर आता लांब जावं लागत नाही. नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं आहेत. लातूर, बीड, परभणी, संभाजीनगरकडे खासगी आयुर्वेद दवाखान्यांच्या पाटीवर पंचकर्माच्या खाली जलौका, म्हणजे जळूही लिहिलेली दिसते. लोक येतात ते इसबासाठी, गुडघेदुखीसाठी, मूळव्याधीच्या ठणकणाऱ्या कोंबासाठी, डोक्यावर पडणाऱ्या चाईसाठी, आणि पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे झालेल्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांसाठी. हा आढावा कुठल्या एका दवाखान्याचा नाही, या भागात ही सेवा जशी मिळते तिचा आहे. मत आधीच सांगून टाकतो. जळू लावायचं काम आपल्याकडचे वैद्य चांगलं करतात. कमी पडतं ते जळू सुटल्यानंतर.

सुरुवात चौकशीपासून. चांगला दवाखाना पहिल्याच भेटीत जळू लावत नाही. आधी हिमोग्लोबिन, रक्तस्राव थांबायला आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, एवढ्या तपासण्या मागतो. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर आधी रक्त वाढवा म्हणून परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमी असतं, त्यामुळे ही अट बाईमाणसाच्या बाबतीत तर अजिबात सोडू नये. गरोदरपणात, हिमोफिलियात (रक्त न गोठण्याच्या आजारात) आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जळू नाहीच. पायाला रक्त पोचवणारी धमनीच बंद पडत आली असेल, मधुमेहात बोट काळं पडायला लागलं असेल, तिथंही नाही. तिथं रक्त साचलेलं नसतं, ते पोचतच नसतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र साधा आहे: “मामा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?” याला बहुतेकांचं उत्तर “नाही” असतं, कारण त्यांच्या लेखी ती ‘हार्टची गोळी’ किंवा ‘बीपीसोबतची बारकी गोळी’ असते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांतलं काही चालू असेल तर जळूची जखम थांबता थांबत नाही. म्हणून तोंडी विचारून भागत नाही, गोळ्यांची पाकिटं टेबलावर मागवून बघावी लागतात. जो दवाखाना ती मागतो त्याला आमच्याकडून पूर्ण गुण. जळू लावायची म्हणून अशी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारायचं, आणि ते नको म्हणाले तर जळूचा विषय सोडायचा.

आता जळूबद्दल. आपल्याकडे वापरतात ती म्हशी-गुरांच्या अंगाला डसणारी तळ्यातली जळू, हिरुडिनारिया जातीची. युरोपातल्या औषधी जळूपेक्षा ती आकारानं मोठी असते, आणि तिची भूकही मोठी. तोंडात तीन जबडे असतात, म्हणून डसल्याची खूण तीन फाट्यांची उमटते. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थान या भागातला तेरावा अध्याय पूर्ण जळूवरच आहे. त्यात सहा विषारी आणि सहा बिनविषारी अशा बारा जळवा सांगितल्या आहेत. रक्त काढायच्या सगळ्या रीतींत ही सगळ्यात मवाळ, म्हणून लहान लेकरं, म्हातारी माणसं, बाया आणि घाबरट रुग्ण यांच्यासाठी तीच निवडावी, असंही त्यात आहे. काम होतं ते तिच्या लाळेनं. त्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, बाकीचे घटक ऊतींमधली वाट मोकळी करतात आणि सूज उतरवतात. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं प्लास्टिक सर्जरीत साचलेलं रक्त ओढून घेण्यासाठी जळू वापरायला मान्यता दिली. गुडघेदुखीवर जर्मनीतल्या एसेन इथला 2003 सालचा 51 रुग्णांचा अभ्यास आहे. एका गटाला एकदाच चार ते सहा जळवा लावल्या आणि दुसऱ्याला डायक्लोफिनॅकचं मलम दिलं. सातव्या दिवशी जळवा लावलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. अभ्यास लहान आहे, आणि रुग्णाला आपल्याला काय लावलं हे दिसतच असतं, त्यामुळे मनानंही आराम वाटू शकतो. म्हणून गुडघ्याला आराम पडू शकतो इतकंच म्हणावं. झिजलेली गादी भरून येते असं जो सांगतो त्याच्याकडे जाऊ नये.

दवाखान्यात गेल्यावर जळवांची बरणी बघायला मागा. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. निरोगी जळू बोट पाण्यात धरलं की हलते, पोहत येते. तळाशी गोळा होऊन पडलेली, अंगावर गाठी आलेली किंवा चिकट तार सोडणारी जळू घेऊ नये. जळवा मरतात त्या बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि मराठवाड्यात पाणी हीच मोठी अडचण. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग असतं, ते जळूला सोसत नाही. बोअरचं पाणी जड आणि खारवट. आरओचं पाणी चांगलं वाटतं, पण त्यात क्षारच उरलेले नसतात, त्यामुळे नुसत्या आरओत जळू टिकत नाही. विहिरीचं नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. तेही नसेल तर नळाचं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच वापरायचं. सुश्रुतानं तिसऱ्या दिवशी पाणी आणि सातव्या दिवशी भांडं बदलायला सांगितलंय, तो नियम आजही तसाच चालतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा काचेच्या बरणीपेक्षा मातीचा माठ बरा, वरून ओलं फडकं आणि तोंडाला पातळ कापड घट्ट बांधलेलं. कापड सैल राहिलं तर सकाळी जळवा भिंतीवर सापडतात. ऐन उन्हाळ्यात जळवा सुस्त असतात, नीट धरत नाहीत. घाई नसेल तर पावसाळ्यानंतर जावं. रक्त काढायला शरद ऋतू चांगला असं शास्त्रही सांगतं.

जाताना त्या जागेला साबण, तेल, बाम, अत्तर काही लावू नका. जळू धरत नाही याचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. गुडघ्यावर रोज रात्री बाम चोळणाऱ्यांनी दोन-तीन दिवस आधीपासून तो बंद करावा. दवाखान्यातही स्पिरिटनं पुसलं तर जळू तोंड फिरवते. साध्या पाण्यानं धुऊन कोरडं केलं की पुरे. उपाशीपोटी जायचं नाही. मऊ भात, पेज, भाकरी-वरण असं हलकं खाऊन जावं. चक्कर येते ती रक्त गेल्यामुळे कमी आणि रिकाम्या पोटी घाबरल्यामुळे जास्त.

लावण्याआधी जळूला हळदीच्या पाण्यात सोडतात. ग्रंथात मोहरी आणि हळदीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा सांगितलाय, पण बहुतेक ठिकाणी नुसती हळद वापरतात. त्या पाण्यात जळू वळवळते, पोटातली घाण टाकते, मग तिला स्वच्छ पाण्यात ठेवतात. हातमोजे घालून, ओल्या गॉजमध्ये धरून तिचं निमुळतं टोक जागेवर टेकवतात. धरत नसेल तर दुधाचा थेंब लावतात किंवा सुईनं रक्ताचा ठिपका काढतात. मुंगी चावावी इतपत डसतं. लागली की ओळखू येते. तोंड घोड्याच्या खुरासारखं पसरतं, मान वर कमानीसारखी उचलली जाते, आणि अंगातून मागच्या बाजूला एकामागून एक लाटा जाऊ लागतात. मग वर ओला गॉज ठेवून त्यावर मधून मधून पाणी शिंपडत राहतात. ती 30 ते 60 मिनिटं पिते आणि साधारण 5 ते 15 मिली रक्त ओढते. इसबाच्या लहान चट्ट्याला एक-दोन पुरतात, गुडघ्याला चार ते सहा. दोन बैठकींत निदान आठवड्याचं अंतर ठेवतात. फुगलेल्या शिरेवर थेट कधीच लावायची नाही, शिरेच्या बाजूला लावायची. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती पाय देऊ नये.

एवढं सगळं आपल्याकडे नीट होतं. पहिली चूक होते ती जळू सोडवताना. ओपीडीत रांग लागलेली असते, जळू अजून पीतच असते, आणि मग तिच्या तोंडावर मिठाची चिमूट पडते. मिठानं ती लगेच सुटते, पण सुटताना ओकते, आणि ते ओकलेलं थेट जखमेत जातं. तिच्या पोटात एरोमोनास नावाचे जिवाणू कायम असतात, पचनासाठी तिला ते लागतात. जखमेत गेले तर पू होतो. ओढून काढलं तर जबडा आत राहू शकतो. म्हणून ती आपणहून गळून पडेपर्यंत थांबायचं. फारच अडली तर तोंडाजवळ थोडी हळद. एका रुग्णाला दीड तास देणं परवडत नसेल तर दवाखान्यानं त्या दिवशी कमी रुग्ण घ्यावेत.

दुसरी चूक जास्त गंभीर. वापरलेल्या जळूला हळद लावून, शेपटीकडून तोंडाकडे दाबत ओकवतात आणि सात दिवसांनी पुन्हा वापरतात. सात दिवसांचं अंतर ग्रंथातलंच आहे, पण तेव्हा एचआयव्ही नव्हता. ओकवलं तरी पोटात रक्त राहतं. कडक नियम पाळणारे दवाखाने एक जळू एकदाच वापरतात आणि नंतर स्पिरिटमध्ये टाकून तिची विल्हेवाट लावतात. काही जण त्याच रुग्णासाठी राखून ठेवतात. मग त्या बरणीवर नाव, केस नंबर आणि तारीख असलीच पाहिजे. चिठ्ठी नसलेली एकही बरणी दिसली तर “ही कुणाची?” म्हणून विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर उठून या. रक्त लागलेला कापूस आणि गॉज पिवळ्या पिशवीत जातोय का, हेही तिथंच दिसतं.

आणि मग पट्टी. जळू सुटल्यावर जखम 6 ते 24 तास पाझरत राहते, कारण हिरुडिनचा असर लगेच जात नाही. हे पाझरणं उपचाराचाच भाग आहे. पण रुग्णाला हे कुणी नीट सांगत नाही. हळद किंवा तुरटी दाबून वर गॉजचे दोन तुकडे, एक चिकटपट्टी, आणि “जा आता”. दुपारी दोनला सुटलेला माणूस उन्हात स्टँडवर जातो, दोन तास एसटीत लोंबकळतो, आणि अहमदपूर यायच्या आत धोतर नाहीतर साडी लाल होते. शेजारचे घाबरतात, घरचे घाबरतात, आणि रात्री कुणीतरी जखमेवर चहापत्ती किंवा तंबाखू दाबतो. जळूनं बिघडलेल्या बऱ्याच केसेस मुळात अशा बिघडलेल्या असतात.

नीट बांधणं अवघड नाही. जखम सलाईननं धुवायची, निर्जंतुक गॉजची जाड घडी ठेवायची, त्यावर कापसाचा पॅड, आणि क्रेप बँडेज बेतानं आवळून. बोटं निळी पडता कामा नयेत. पाय असेल तर अर्धा-पाऊण तास उशीवर उंच ठेवून निजवायचं आणि उठायच्या आधी पट्टी एकदा बघायची. भिजली असेल तर आतला थर न काढता वरून दुसरा चढवायचा. आतला ओढला की धरलेली खपली निघते आणि पुन्हा धार लागते. सोबत दोन-तीन पॅड, एक बँडेज आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर द्यायचा. या सामानाचा खर्च किरकोळ आहे. तरीही हे सगळं नेमानं देणारे दवाखाने फार थोडे, आणि याच एका गोष्टीवर आम्ही या सेवेचे निम्मे गुण कापतो.

दोन-चार दिवस खाज येते, जागा थोडी सुजते, ते चालतं. खाजवायचं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दहा दिवसांत कधीही जागा गरम लागली, लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप भरला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे. जळू लावली होती हे तिथं न लाजता सांगायचं, कारण एरोमोनासवर साधी अँटिबायोटिक्स बऱ्याचदा चालत नाहीत. चोवीस तासांनंतरही रक्त टपकत असेल तर तेच.

हल्ली मोबाईलवर बघून अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या बेडकाच्या औषधाचीही चौकशी करणारे भेटतात. जळूची लाळ आणि बेडकाचा स्राव, दोन्ही प्राण्याचंच की, असं त्यांना वाटतं. त्या औषधाचं नाव कांबो. फायलोमेड्युसा बायकलर नावाच्या हिरव्या झाडबेडकाच्या कातडीवरचा स्राव वाळवून ठेवतात, दंडावर नाहीतर पायावर काडीनं बारीक चटके देतात आणि त्या उघड्या जागेवर तो ओला करून लावतात. तिथले मात्सेस आणि कातुकिना आदिवासी शिकारीला जाण्याआधी तो घेत आले आहेत, त्यांची रीत त्यांच्या जंगलात, त्यांच्या जाणत्यांच्या हाताखाली चालते. जळूचं काम त्या हातभर जागेपुरतं राहतं. बेडकाचा स्राव मिनिटा-दोन मिनिटांत सगळ्या अंगात पोचतो. छाती धडधडते, रक्तदाब पडतो, उलट्या होतात. आधी लिटरनं पाणी पाजलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. माणसं दगावलीही आहेत. ब्राझीलनं 2004 मध्ये त्याच्या जाहिरातीवर आणि ऑस्ट्रेलियानं 2021 मध्ये त्याच्या वापरावरच बंदी घातली. इथं कुणी शिबिरात ते देऊ केलं तर घेऊ नका.

पैशांचं आधीच ठरवून घ्या. दर जळूमागे आहे की बैठकीमागे, आणि न धरलेल्या जळूचे पैसे लावतात का, हे विचारा. वेळ सकाळचीच मागा, म्हणजे दुपारपर्यंत तिथंच पडून राहता येतं. गडद रंगाचे, सैल कपडे घाला, सोबत कुणीतरी माणूस न्या, आणि परत येताना एसटीत खिडकीची नाही, पाय लांबवता येईल अशी वाटेकडची जागा धरा.