झेरमॅटला स्कीइंगला गेलात, तर दुपारचं खास जेवण कुठे? फिंडेलनला की डोंगरापलीकडे इटलीत?

झेरमॅटच्या बर्फावर आपली चार मराठी माणसं भेटली की दुपारी बाराच्या आत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "जेवायला इटलीत उतरू, तिकडे स्वस्त पडतं." ताटातल्या पदार्थांचे भाव पाहिले तर ते खरं आहे. पण इटलीत जाण्याचं ते सर्वांत कच्चं कारण आहे. चांगली कारणं वेगळी आहेत, आणि न जाण्याचीही चांगली कारणं आहेत.

आधी नकाशा डोक्यात असू द्या. मॅटरहॉर्न ४४७८ मीटर उंच. त्याच्या एका अंगाला स्वित्झर्लंडचं झेरमॅट, साधारण १६०० मीटरवर. दुसऱ्या अंगाला इटलीचं चेर्विनिया, २०५० मीटरवर. मधल्या हिमनदीवरून दोन्हीकडच्या पिस्त (स्कीसाठी आखलेल्या उतारवाटा) जोडलेल्या आहेत, त्यामुळे स्की घालूनच सीमा ओलांडता येते. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने भारतातून आलेल्या पाहुण्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र जॅकेटच्या आतल्या खिशात हवाच. आणखी एक बारीक गोष्ट: स्विस सिमचं रोमिंग इटलीत फुकट असेलच असं नाही. पलीकडे उतरण्याआधी डेटा बंद करा, नाहीतर बिल दोन येतील.

तुलनेला दोन ठिकाणं घेतो, कारण निर्णय बहुधा याच दोन तऱ्हांमध्ये अडतो. स्विस बाजूला फिंडेलन वाडीतलं 'शे व्रोनी', इटालियन बाजूला प्लान मेझोंजवळचं 'शाले एतुआल'. दोन्ही नावाजलेली, दोन्ही थेट पिस्तवर, दोन्हीकडे स्कीचे बूट घालून टेबलावर बसलं तरी कुणी भुवई उंचावत नाही.

नजारा आणि पोचणं

इथे फिंडेलन जिंकतं, आणि चांगल्या फरकाने जिंकतं. चॉकलेटच्या वेष्टनावर असायचा तसा टोकदार, मान किंचित वळवलेला मॅटरहॉर्न दिसतो तो झेरमॅटच्या बाजूने. इटलीकडून तोच डोंगर रुंद, दांडगा आणि अनोळखी दिसतो. पाहुणे पहिल्यांदाच आले असतील तर "हाच का तो?" हा प्रश्न ऐकायची तयारी ठेवा.

फिंडेलन ही २१०० मीटरच्या आसपासची जुनी वाडी. उन्हाने काळवंडलेली लाकडी घरं आणि त्यांच्या मधेमधे धान्याची कोठारं. ही कोठारं जमिनीवर टेकलेली नसतात. लाकडी खुंटांवर दगडाच्या मोठ्या गोल चकत्या ठेवून त्यांवर ती उभी केलेली असतात, म्हणजे उंदीर खुंट चढला तरी चकतीपाशी अडतो. टेबल मिळेपर्यंत उभं राहावं लागलं तर हे बघत वेळ छान जातो.

मुख्य मुद्दा असा की फिंडेलनला स्की न करणाऱ्यालाही जाता येतं. झेरमॅटहून डोंगराच्या पोटातून जाणारी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी गाडी) काही मिनिटांत सुनेगाला (२२८८ मीटर) सोडते, तिथून हिवाळी पायवाटेने पंधरा-वीस मिनिटांची उतरण. आई-बाबा पुण्याहून आलेत, त्यांना बर्फ बघायचाय पण स्की घालायची नाही, अशी परिस्थिती असेल तर प्रश्न इथेच सुटला. फक्त बूट पकड असलेले हवेत, आणि परत सुनेगाला जाताना चढ आहे हे आधी सांगून ठेवा. जेवणानंतर सांगितलं तर घरात वाद होतात.

इटलीकडे स्की न करता जायची सोय २०२३ च्या जुलैपासून झाली. ३८८३ मीटरवरच्या मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइजपासून पलीकडच्या तेस्ता ग्रिजापर्यंत केबल कार सुरू झाली आणि तिथून टप्प्याटप्प्याने खाली उतरता येतं. प्रवास म्हणून अप्रतिम. पण जाऊन-येऊन तिकीट माणशी शंभर फ्रँकच्या बरंच पुढे जातं, आणि ३८८३ मीटरवर ज्येष्ठांना दोन पायऱ्या चढतानाही धाप लागते. केवळ जेवणासाठी हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताटात काय

निर्णय खरा होतो तो इथे. आपल्याकडच्या घोळक्यात एक शुद्ध शाकाहारी, एक "अंडं चालतं" वाला, एक दारूचा थेंबही न घेणारा आणि एक सगळं खाणारा असतोच.

चीजपासून सुरुवात करू. स्विस फोंद्यू म्हणजे ग्रुइएर आणि वाशरँ ही चीजं व्हाइट वाइनमध्ये वितळवलेली, वर बहुतेकदा किर्श ही चेरीची कडक दारू. उकळल्यावर अल्कोहोल उडून जातं असं सांगितलं जातं, पण ते सगळं उडत नाही, आणि किर्श तर शेवटीच घालतात. डोंगर ओलांडला की आओस्ता खोऱ्याची (चेर्विनिया याच खोऱ्यात) फोंदुता मिळते: फोंतिना चीज, दूध, लोणी आणि अंड्याचा पिवळा बलक. वाइन नाही, पण अंडं आहे. म्हणजे दारू वर्ज्य असणाऱ्याने इटलीत खावं, अंडं वर्ज्य असणाऱ्याने स्वित्झर्लंडमध्ये. दोन्ही वर्ज्य असतील तर दोन्हीकडे भांडं पुढे सरकवावं.

शिवाय अस्सल ग्रुइएर आणि अस्सल फोंतिना, दोन्हींमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी दोन्ही बाजू सारख्याच अडचणीच्या. त्यांनी इटलीत टोमॅटोचा साधा पास्ता वर चीज न घालता मागवावा. स्विस बाजूला रोश्ती हा पर्याय दिसतो, पण किसलेल्या बटाट्याच्या त्या जाड कुरकुरीत थापीत बेकनचे तुकडे किंवा डुकराची चरबी असू शकते. विचारल्याशिवाय पहिला घास घेऊ नका. "ओहने श्पेक" एवढे दोन जर्मन शब्द पाठ करा, बेकन तरी टळेल. चरबीचं वेगळं विचारा.

इटलीकडचा माझा लाडका पदार्थ पोलेंता कोंचा. मक्याच्या कण्या मंद आचेवर घोटून घोटून शिजवायच्या आणि शेवटी त्यात लोणी न् फोंतिना सढळ हाताने जिरवायचं. दिसायला आपल्या घट्ट सांज्यासारखा, पण चमचा उचलला की चीजची तार टेबलाच्या कडेपर्यंत येते. थंडीत चार तास पाय गारठलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. फसवा पदार्थ म्हणजे वालपेलिनची सूप: पाव, कोबी आणि चीजचे थर, बघायला पूर्ण शाकाहारी, पण भिजवलेले असतात मांसाच्या रश्श्यात.

मांसाहारींना दोन्हीकडे चंगळ आहे. शे व्रोनी स्वतःच्या शेतीवरच्या जनावरांचं वाळवलेलं मांस, सॉसेज आणि चीज वाढतं, आणि त्यांचा बर्गर फार लोकप्रिय आहे. तो गोमांसाचा असतो, हे ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांनी लक्षात ठेवावं. इटलीतली कार्बोनादाही गोमांसाचीच, रेड वाइनमध्ये शिजवलेली. शाले एतुआलची ख्याती मात्र समुद्री पदार्थांची. अडीच हजार मीटरवर, बर्फाच्या मधोमध शेवंडीचा पास्ता! मालवणी माणसाला आधी शंका येईल, येऊ द्या. पहिल्या घासानंतर बोलू.

चवीचा माझा कौल इटलीला. स्विस जेवण तोलामोलाचं, नीटनेटकं, पण इटालियन स्वयंपाकी साध्या पास्त्यातही हात मोकळा सोडतो.

पैसे

स्विस बाजूला मुख्य पदार्थ साधारण ३० ते ५० फ्रँक, पाण्याची बाटली वेगळी, आणि काही ठिकाणी नळाचं पाणीही फुकट नाही. इटलीत चांगला पास्ता साधारण १५ ते २५ युरोत येतो, शेवंडीचा अर्थात वर. इटलीच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील. ते टेबलाचे आणि पावाचे, कुणी फसवत नाहीये. स्वित्झर्लंडमध्ये सेवाशुल्क १९७० च्या दशकापासून किमतीतच धरलेलं असतं, त्यामुळे टीप म्हणून बिल वरच्या आकड्याला पूर्ण केलं तरी पुरे.

आता "स्वस्त पडतं" चा हिशेब. इटलीत उतरायला झेरमॅटचा साधा स्की-पास चालत नाही, आंतरराष्ट्रीय पास लागतो. फरकाची रक्कम तारखेप्रमाणे बदलते, पण वाचवलेल्या पैशांचा मोठा हिस्सा ती खाते. दिवसभर दोन्ही देशांत स्की करणार असाल तर पास वसूल. फक्त पास्त्यासाठी जात असाल तर नाही.

वारा

हे वाचल्याशिवाय इटलीचं टेबल राखून ठेवू नका. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या लिफ्ट फार उंचावर आहेत आणि जोराचा वारा सुटला की बंद होतात. सकाळी चालू होती म्हणून दुपारी चालू असेलच असं नाही. परतीची शेवटची वेळ त्या-त्या दिवशी पाट्यांवर लावलेली असते. ती गाठायची तर जेवण आटोपून बरंच आधी निघावं लागतं, कारण खालून वर यायला एकापाठोपाठ एक लिफ्ट बदलाव्या लागतात. चुकलात तर टॅक्सीने भल्या मोठ्या वळशाने चार तासांच्या आसपास प्रवास, आणि झेरमॅटमध्ये मोटारींना बंदी असल्याने खालच्या टॅश गावाला उतरून पुन्हा ट्रेन.

म्हणून इटलीत जेवायचं तर बाराला बसायचं, साडेबाराला नाही. आणि जेवणानंतर येणारी कॉफी विचारपूर्वक मागवायची. आओस्ताची कॉफी ग्रापा (द्राक्षांची कडक दारू) घालून, कोरीव लाकडी भांड्यात येते, त्याला अनेक तोट्या असतात आणि भांडं हातोहात सगळ्यांत फिरतं. ज्याने-त्याने आपली तोटी धरली तर उष्ट्याचा प्रश्न येत नाही. पण त्या भांड्यानंतर उठायला कुणी तयार नसतं, आणि लिफ्ट थांबत नाही.

घोळक्यात एकजण जरी स्की न करणारा असेल, किंवा झेरमॅटला एकच दिवस असेल, तर मी फिंडेलनच सांगेन. सगळे लाल (म्हणजे मध्यम अवघड) पिस्तवर आरामात उतरणारे, हाताशी दोन-तीन दिवस आणि आकाश स्वच्छ, तर त्यातला एक दिवस इटलीला द्या. हंगामात टेबल दोन्हीकडे आधीच सांगून ठेवावं लागतं. फिंडेलनचं उन्हातलं टेबल सगळ्यांत आधी जातं, म्हणून आरक्षण करतानाच 'बाहेरचं' असं सांगा. इटलीचं ठरवलं असेल तर आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघा, आणि जमणार नसेल तर त्याच संध्याकाळी फोन करून टेबल सोडून द्या.