सेलवर ३४०० छापलं होतं

माझं माहेर पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटात. आषाढ-श्रावणात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. तार कुठल्या ओढ्याजवळ तुटली हे शोधण्यातच वायरमनचा दिवस जातो. गेल्या वर्षी मी ठरवलं की वाडीतल्या बारा घरांना एकेक दिवा करून द्यायचा. मी ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम करते आणि सोल्डरिंगची हौस मला शाळेपासून आहे. त्यामुळे काम अवघड नव्हतं. एक वॅटचा एलईडी, त्याला ३५० मिलीअँपिअरवर धरून ठेवणारी ७१३५ नंबरची चिप, चार्जिंगसाठी टीपी४०५६ चा छोटा बोर्ड आणि पॅरललमध्ये जोडलेले दोन १८६५० सेल. हे सगळं पीव्हीसी पाईपच्या तुकड्यात बसवलं, वर-खाली झाकणं लावली.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत असतात तेच हे लिथियम-आयन सेल. १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब, म्हणून १८६५०. सेलमध्ये किती वीज मावते ते मिलीअँपिअर-तासांत मोजतात; एका सेलला ३४०० धरले तर दोघांचे ६८००, भागिले ३५०, म्हणजे साधारण १९ तास उजेड. रोज थोडा थोडा वापरला तर दोन-तीन रात्री सहज निघतात.

आमच्याकडे सुटे भाग मिळतात ते टीव्ही-मिक्सर दुरुस्तीपुरते. बाकी सगळं पुण्याला पासोड्या विठोबाच्या आसपास नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला. दर वेळी एवढं जाणं होत नाही. म्हणून गेली तीन वर्षं मी हौशी लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या माणसाकडून सामान मागवत होते. त्याचं नाव इथे देत नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, चार्जिंग बोर्ड, सगळं वेळेवर आणि चोख यायचं. रात्री अकराला शंका विचारली तरी उत्तर द्यायचा. एकदा माझा बोर्ड का तापतोय हे त्याने फोटो बघून ओळखलं होतं. ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की मीच सांगायची, दादांकडून घ्या, डोळे मिटून घ्या. हे वाक्य मी किमान पाच जणांना लिहिलंय, आणि त्याबद्दल त्या सगळ्यांची मी वेगवेगळी माफी मागितली आहे.

सेलमधली फसवणूक मला माहीत नव्हती असं नाही. या आकाराच्या डबीत साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या फार वर जाता येत नाही. आतली रसायनं तेवढीच ऊर्जा धरतात. त्यामुळे ज्या सेलवर ९९०० छापलेलं असतं तो बघताक्षणी खोटा समजावा, हे मी मुलांनाही सांगते. पण माझ्याकडे आले त्यांवर ३४०० छापलं होतं. एका नामांकित जपानी कंपनीचं नाव होतं आणि त्या कंपनीचा ३४०० चा सेल खरोखरच मिळतो. खोटं सांगणाऱ्याने आकडा खरा निवडला होता.

शिवाय मी आधी चार सेल सॅम्पल म्हणून मागवले होते. लॅबच्या तराजूवर एकेक ४७ ग्रॅम भरला. पूर्ण चार्ज करून ४.७ ओहमच्या दहा वॅटच्या रेझिस्टरवर लावले, ३ व्होल्टपर्यंत उतरायला चार तास लागले. उत्तम सेल. मग मी चोवीसची ऑर्डर दिली, २४० रुपयांना एक, म्हणजे ५७६० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, होलसेलचा लॉट आहे, बिल केलं तर हा भाव पडत नाही." मी यूपीआयने पैसे पाठवले. लॉट आला तेव्हा परीक्षांचे दिवस होते. मी फक्त मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघितलं, सगळे ३.६ च्या आसपास. रॅपर तेच, छपाई तीच. दिवे तयार करून मे महिन्यात वाडीत वाटून आले.

चूक इथे झाली आणि ती नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण हीच करतात. नुसत्या व्होल्टेजवरून सेलमध्ये माल किती हे कळत नाही. रांजण आणि तांब्या शेजारी ठेवून दोन्ही काठोकाठ भरले तर दोन्ही भरलेलेच दिसतात. पाणी किती हे ओतल्यावर कळतं.

जूनच्या शेवटी आईचा फोन आला. लाईट गेली होती आणि दिवा साडेतीन तासांत विझला होता. मला वाटलं चार्जिंग पुरं झालं नसेल. दोन दिवसांनी चुलत भावाचा फोन आला. काकूने दिवा रात्री चार्जिंगला लावून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला होता. पहाटे तो उठला तेव्हा बोर्डावरचा लाल दिवा तसाच होता, चार्जिंग पुरं झाल्याचा निळा लागलाच नव्हता, आणि पाईपचं झाकण चटका बसेल इतकं तापलं होतं. खाली शेणकुटांची रास. त्याने पिन ओढली आणि दिवा अंगणात पावसात ठेवला. हे ऐकताना माझे हातपाय गार पडले. त्याच दिवशी मी सगळ्या घरी फोन करून दिवे बंद करायला सांगितले आणि रविवारी जाऊन बाराही दिवे परत आणले.

लाल दिवा का विझत नव्हता? टीपी४०५६ ची चिप सेलमध्ये जाणारा करंट ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शावर आला की चार्जिंग थांबवते. एक अँपिअरचा बोर्ड असेल तर शंभर मिलीअँपिअरवर. सेल आतून गळका असेल तर करंट तिथवर उतरतच नाही. बोर्ड भरत राहतो, सेल ते आतल्या आत उष्णतेत घालवत राहतो.

मी एक सेल घेऊन त्याचं हिरवं रॅपर ब्लेडने हलकेच उभं कापलं. (तुम्ही हे करू नका. सेलचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो, पॉझिटिव्ह टोपीच्या कडेपर्यंत येतो, ब्लेड आडवं झालं की शॉर्ट.) वरच्या टोपीभोवती जी कागदी चकती असायला हवी ती नव्हती. खालच्या तळाला बारीक ओरखडे होते, पॉलिश पेपरने घासल्यासारखे. आडवा धरून खिडकीच्या उजेडात फिरवला तेव्हा ओरखड्यांखाली टाचणीच्या टोकाएवढे चार खड्डे दिसले, दोन-दोनच्या जोडीने. स्पॉट वेल्डिंगच्या खुणा त्या. हा सेल कुठल्यातरी लॅपटॉपच्या पॅकमध्ये निकेलच्या पट्टीला जोडलेला होता, वर्षानुवर्षं वापरून भंगारात गेला, तिथून उचलून, घासून, नवं रॅपर चढवून माझ्याकडे आला. चोवीसपैकी एकवीस सेलवर त्या खुणा मला सापडल्या.

नंतर एकेक करून त्याच ४.७ ओहमवर लावले. सॅम्पलला चार तास लागले होते तिथे हे सरासरी पन्नास मिनिटांत बसले. हिशेब केला तर सव्वासहाशे मिलीअँपिअर-तासांच्या आसपास. दोघांचे साडेबाराशे, भागिले ३५०. आईने सांगितलेले साडेतीन तास बरोबर निघाले.

वजनावर एकट्यावर विसंबू नका. रेती किंवा पीठ भरलेले सेल तीस ग्रॅमच्या आसपास भरतात, ते तराजूवर पकडले जातात. माझे ४३-४४ ग्रॅम होते, कारण तेही एके काळी खरे सेलच होते. मला सगळ्यात उपयोगी पडली ती दहा सेकंदांची तपासणी. चार्ज केलेल्या सेलचं व्होल्टेज मोकळं मोजायचं, मग तोच ४.७ ओहमचा रेझिस्टर टोकांना लावून लगेच पुन्हा मोजायचं. जितकं जास्त खाली येईल तितका सेल थकलेला. माझा एक सेल ४.१२ वरून ३.७८ वर आला. फरक ०.३४ व्होल्ट, करंट ०.८ अँपिअर, म्हणजे आतला रोध ०.४२ ओहम. सॅम्पलच्या सेलचा रोध एक दशांश ओहमच्याही खाली होता. रेझिस्टर आठ-दहा रुपयांचा येतो. लॉटमधल्या सगळ्या सेलना मिळून हे करायला मला अर्धा तास लागला असता.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, "ताई, तुमच्या चार्जरने सेल मारले." वेल्डिंगच्या खुणांचा फोटो पाठवला, तर तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. तो तिथला एक अ‍ॅडमिन होता हे मी तोपर्यंत कधी लक्षातच घेतलं नव्हतं. ग्रुपमधल्या दोघांनी नंतर वेगळा मेसेज करून सांगितलं की त्यांचंही असंच झालं होतं, पण एवढा जाणकार माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार म्हणून गप्प बसले. त्यांच्यावर मला राग नाही. पण त्यांच्यातल्या एकाने जरी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या असत्या तर काकूच्या कोनाड्यात तो दिवा गेला नसता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, मी तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न बिलाचाच आला. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, कुरिअरची पावती आहे, आणि ग्रुपमधून काढायच्या आधी मी चॅट उतरवून ठेवलं होतं, तेवढंच. पैसे अजून मिळालेले नाहीत. बिल नाकारणाऱ्याकडून सेल घेऊच नका, भाव कितीही कमी असो. आपल्याकडे लिथियम सेलना आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तो कुणाच्या नावावर आहे ते बघा.

त्या चोवीस सेलच्या टोकांना टेप लावून ते रेती भरलेल्या पत्र्याच्या डब्यात लॅबच्या बाहेर ठेवलेत. ई-कचरा घेणाऱ्याची गाडी आली की देईन. सॅम्पलच्या चार सेलमधून आईचा आणि काकूचा दिवा पुन्हा तयार केला. उरलेल्या दहा घरांसाठी पुण्याहून स्वतः जाऊन, बिल घेऊन, चार-चार सेल आणते आहे. काकूने दिवा परत घेताना विचारलं, "आता तापणार नाही ना गं?" मी तिच्यासमोर तो रात्रभर चार्ज केला, दर तासाला झाकणाला हात लावून बघितला. सव्वातीनला निळा दिवा लागला तेव्हा ती जागीच होती.