एस्पान्योलची २४ नंबर, वू लेईची जर्सी: सहा वर्षं वापरून मग लिहितोय

जर्सी कुठली ते आधी सांगतो. स्पेनच्या एस्पान्योल फुटबॉल क्लबची, २०१८-१९ सीझनची होम जर्सी, निळे-पांढरे उभे पट्टे, केल्मे कंपनीची, छातीवर तो छोटा पंजाचा ठसा, आणि पाठीवर २४ नंबर, त्याच्यावर वू लेईचं नाव. कोल्हापुरात ही घालून बाहेर पडलं की हमखास कोणीतरी विचारतंच, काय भावा, अर्जेंटिना का? मग मी थांबून सांगतो की नाही, एस्पान्योल आहे, आणि हा प्लेयर चायनाचा आहे. सांगायला मला आवडतं, त्यामुळे हा रिव्ह्यू पण जरा लांबणार.

आधी फसलेलो ते सांगतो म्हणजे तुम्ही फसणार नाही. मार्च २०१९ मध्ये मी एका ऑनलाईन पेजवरून हीच जर्सी मागवली होती, पेजचं नाव घेत नाही. फोटो एकदम भारी, पैसे आगाऊ, पार्सल यायला तीन आठवडे. उघडून बघतो तर लेईच्या स्पेलिंगमधलं एक अक्षरच गायब, पट्टे शिलाईच्या जागी जुळत नव्हते, डाव्या बाजूचा निळा पट्टा काखेत जाऊन मध्येच तुटल्यासारखा. दोन धुण्यात २ हा आकडा पापडासारखा उचलला. मेसेज टाकले, फोन केले, कोणी दाद दिली नाही. ती जर्सी आता गाडी पुसायला आहे.

मग माझा मावसभाऊ तेव्हा कामासाठी बार्सिलोनात होता, त्याला गळ घातली. दादा म्हणाला, अरे इथे येणारा प्रत्येक जण मेस्सीची मागतो, तू ही कुठली मागतोयस? तरी बिचारा सुट्टीच्या दिवशी कोर्नेयाला एस्पान्योलच्या स्टेडियमपर्यंत गेला, क्लबच्या दुकानातून घेतली आणि तिथेच नाव-नंबर छापून घेतलं. किंमत किती ते त्याने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. तिथे मॅचच्या २१ व्या मिनिटाला सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवतं, दानी हार्केसाठी. तो क्लबचा कॅप्टन होता, २१ नंबर घालायचा, २००९ मध्ये अचानक गेला. अशा क्लबची जर्सी अंगावर आहे याचं मला बरं वाटतं.

आता कापड. पॉलिस्टर आहे पण अंगाला चिकटत नाही, मे महिन्यात दुपारी चारला खेळलो तरी पाठीवर ओली होते आणि पाणी पिऊन परत येईपर्यंत अर्धी वाळलेली असते. फिटिंग अंगाबरोबर आहे, मी इथल्या दुकानात एल घालतो, दादाला एक्सएल आणायला सांगितली होती आणि ती बरोब्बर बसली, त्यामुळे पोट थोडं जरी असेल तरी एक साईज वरची घ्या. पट्टे खांद्यापासून खालपर्यंत सरळ उतरतात, शिलाईवर जुळलेले, हे आधीच्या नकलीशेजारी ठेवून बघितलं तेव्हा खरं कळलं. सहा वर्षांत निळा रंग थोडा मवाळ झालाय पण फिकट म्हणता येणार नाही, पांढरा मात्र पिवळट नाही पडला, याचं श्रेय आईला, ती ही जर्सी कधी इतर कपड्यांत टाकतच नाही, उलटी करून गार पाण्यात, पिळायची नाही आणि सावलीत.

पण वू लेईचीच का, हे सांगितल्याशिवाय ह्या जर्सीला मार्क देणं मला जमणार नाही.

१३ ऑक्टोबर २०१८ ला सुझोऊमध्ये भारत-चायना फ्रेंडली मॅच झाली, ०-० सुटली. तेव्हा पहिल्यांदा मी चायनाच्या टीमबद्दल वाचायला लागलो आणि त्यात हे नाव सारखं यायला लागलं. नानजिंगचा पोरगा, जन्म १९९१ चा. शांघायजवळ चोंगमिंग नावाचं बेट आहे, तिथे शू गेनबाओ या जुन्या कोचने अकॅडमी काढली, तिथे हा लहानपणी गेला आणि १४ वर्षं २८७ दिवसांचा असताना तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिली प्रोफेशनल मॅच खेळला. आठवी-नववीचं वय हो ते! मग अकॅडमीची तीच पोरं, अकॅडमीचाच शांघायचा क्लब, २००७ ला वरच्या डिव्हिजनमध्ये चढले, २०१२ ला परत वर चढून सुपर लीगमध्ये, म्हणजे चायनाच्या टॉपच्या लीगमध्ये आले. आपल्याकडे तालमीत वाढलेलं पोरगं तालमीसाठीच खेळतं ना, मला ते तसंच वाटलं, म्हणून जास्त जीव बसला.

पुढे क्लबमध्ये पैसा आला, ब्राझीलचा हल्क आला, ऑस्कर आला, सगळ्या चायनीज लीगमध्ये गोल मारायचं काम फॉरेनच्या प्लेयर्सना आणि तिथल्या पोरांनी फक्त पळायचं असा प्रकार होता. त्यात २०१८ ला ह्याने लीगमध्ये २७ गोल मारले, टॉप स्कोरर झाला आणि ग्वांगझूच्या क्लबचं सलग सात वर्षांचं राज्य मोडून ह्याच्या शांघायच्या क्लबने पहिल्यांदा लीग जिंकली. २००७ नंतर पहिल्यांदाच चायनाचा प्लेयर लीगचा टॉप स्कोरर झाला होता. मग जानेवारी २०१९ मध्ये एशियन कपमध्ये खांदा दुखावलेला असताना फिलिपिन्सला दोन गोल, आणि त्याच महिन्याच्या शेवटी हा सगळं सोडून स्पेनला. वय २७. घरी राजा होता, तिकडे जाऊन परत शून्यापासून, भाषा येत नाही, बेंचवर बसायची तयारी. मालक चायनीज आहे म्हणून घेतला, जर्सी खपवायला घेतला असं बरेच लोक म्हणत होते. मालक चायनीज होता हे खरं आहे. पण २ मार्चला वायादोलिदला त्याने गोल मारला, ला लिगात, म्हणजे स्पेनच्या टॉपच्या लीगमध्ये, गोल मारणारा पहिला चायनीज, आणि सीझनच्या शेवटच्या मॅचला रियाल सोसिएदादवर २-० मधला दुसरा गोल पण ह्याचाच, त्या विजयाने एस्पान्योल सातवी आली आणि युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत गेली. जर्सी खपवायला आणलेला माणूस असा खेळत नाही.

तेव्हा ला लिगा आपल्याकडे फेसबुकवर फुकट दिसायची, त्यामुळे मोबाईलवर पांघरुणात बघायचो. ४ जानेवारी २०२० ची बार्सिलोनाबरोबरची मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली. मी ही जर्सी घालूनच बसलेलो, वरून स्वेटर. एस्पान्योल टेबलच्या तळाला, समोर मेस्सी, सुआरेझ, ग्रीझमन. आधी एक गोलने पुढे, मग १-२ ने मागे, डी याँगला रेड कार्ड. पहाटे सव्वातीनच्या सुमाराला, ८८ व्या मिनिटाला वार्गासने आत पास सोडला, हा उजवीकडून बॉक्समध्ये घुसला आणि खालून तिरका मारला, नेटोच्या हाताला लागला नाही. २-२. मी ओरडलो आणि बाबा उठून आले, कोण पडलं म्हणून. नाद खुळा गोल होता तो, अजूनही अधूनमधून काढून बघतो.

पुढचं दुःखाचं आहे. त्याच सीझनला, जुलैमध्ये, बार्सिलोनाकडूनच १-० हरून एस्पान्योल २६ वर्षांनी खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. हा थांबला. सेकंड डिव्हिजनमध्ये खेळला, २०२१ ला ती लीग जिंकून टीम वर आली. शेवटच्या सीझनला मात्र बेंचवरच जास्त, आणि ऑगस्ट २०२२ ला घरी परतला. बरेच लोक म्हणतात स्पेनमध्ये फेल गेला. मला ते पटत नाही. गोल कमी मारले हे मान्य, फिनिशिंग कधीकधी जीव खायचं हेही मान्य, २०२४ च्या एशियन कपला लेबनॉनविरुद्ध रिकाम्या गोलसमोर जे हुकलं ते बघून मी फोन खाली ठेवला होता. पण त्याच वर्षी, वयाची बत्तीस पूर्ण झालेली असताना, लीगमध्ये ३४ गोल मारले, सुपर लीगच्या एका सीझनचा रेकॉर्ड, आणि शांघाय परत चॅम्पियन. संपलेला माणूस ३४ गोल कुठून आणणार?

तर परत जर्सीवर येतो. तक्रार म्हणाल तर एकच, छपाईची, आणि त्यात चूक आमच्याच घरची. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांपैकी कोणीतरी ती गरम पाण्याच्या बादलीत घातली आणि ४ चा खालचा कोपरा नखाएवढा सुटला. कारागिराकडे द्यायची हिंमत झाली नाही. उलटी न करता, आकड्यावर सुती रुमाल ठेवून, इस्त्री मध्यम ठेवून दहा-दहा सेकंद तीनदा दाबली, मग गार होईपर्यंत वर जाड वही ठेवली. अजून धरून आहे. तुमची सुटली तर हे करून बघा, पण रुमाल ठेवल्याशिवाय इस्त्री टेकवू नका, वितळेल.

आता नवीन मिळणार नाही, जुनीच शोधावी लागेल. घेताना विकणाऱ्याकडून पाठीचा, कॉलरच्या आतल्या लेबलचा आणि काखेतल्या शिलाईचा फोटो मागा, पट्टे तिथे जुळतात का बघा, आणि नावाचं एकेक अक्षर मोजा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क त्या कोपऱ्याचा. माझी विकायला नाही, दोघांनी विचारून झालंय.